काळं कुंकू

“पेशंटचं नाव?”

सर्जिकल सामानाच्या दुकानात मी एक्स-रे फिल्मचा डबा मागितला, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने बिलबुकातून मान वर न काढता विचारलं. मी म्हणालो, “पेशंट नाही, कॅमेऱ्यात घालायचीय.” आता त्याने मान वर काढली. माझ्याकडे पाहिलं, मग आत बसलेल्या शेठकडे पाहिलं. शेठ बाहेर आले आणि पेशंट कोण ते त्यांनी एका नजरेत ठरवलं.

“ड्राय की वेट?” त्यांनी विचारलं.

मला प्रश्न कळला नाही. पण पुण्यात दुकानदाराला ‘कळलं नाही’ असं म्हणायचं नसतं, एवढं मी इतक्या वर्षांत शिकलो आहे. “ड्राय,” मी ठणकावून सांगितलं. ओल्यापेक्षा कोरडं केव्हाही बरं, असा एक सर्वसाधारण विचार केला.

त्या रात्री घरातले सगळे झोपल्यावर मी बाथरूममध्ये शिरलो. दाराच्या फटीत दोन टॉवेल कोंबले, खिडकीला काळा कागद लावला आणि मिट्ट काळोखात, श्वाससुद्धा हळू घेत, डबा उघडला. फिल्म होल्डरमध्ये सरकवायला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी गच्चीवरून पर्वती टिपली. रात्री पुन्हा काळोख, पुन्हा टॉवेल, दहा मिनिटं रसायनात. दिवा लावला तर हातात निळसर, स्वच्छ, आरपार प्लॅस्टिक. पर्वती नाही, देऊळ नाही, एक पायरीसुद्धा नाही. तेव्हा कुठे मी डब्यावरची अक्षरं वाचली. ही फिल्म उजेडात उघडली तरी चालते, असं तिथे लिहिलं होतं. तिच्यावर चित्र उमटतं ते छापयंत्राच्या उष्णतेने. ज्या बाईसाहेबांना मी रात्रभर काळोखात पदराआड जपलं, त्यांना उजेडाचं सोयरसुतकच नव्हतं.

हे सगळं सुरू झालं ते जुन्या बाजारातल्या एका पेटीमुळे. सागवानी लाकूड, पितळी कड्या, मध्ये भाता, मागे घासलेली काच. “साताऱ्याकडच्या स्टुडिओतला आहे साहेब. वागीश्वरी आहे, वागीश्वरी,” विकणारा म्हणाला. नावाची पट्टी केव्हाच गळून गेलेली, त्यामुळे खरंखोटं ती वाग्देवीच जाणे. वागीश्वरी कॅमेरे केरळात आलेप्पीला होत. के. करुणाकरन हे वाद्यं दुरुस्त करणाऱ्या घरातले. १९४०च्या दशकात त्यांच्याकडे एका स्टुडिओच्या कॅमेऱ्याचा फाटका भाता दुरुस्तीला आला आणि त्यातून पुढे त्यांनी अख्खा कॅमेराच बनवला. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून मीही माझा फाटका भाता एका पेटीवाल्याकडे नेला. त्याने तो दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाला, “हवा धरत नाही.” मी म्हटलं, हवा राहू द्या, उजेड आत येता कामा नये. त्याने भाता छान शिवून दिला, पण चेहऱ्यावरून हे वाजवणार कसं ही शंका काही गेली नाही.

या कॅमेऱ्याला लागते साडेसहा बाय साडेआठ इंचांची फिल्म, म्हणजे तळहातापेक्षा चांगली मोठी. एवढी फोटोची फिल्म परदेशातून मागवायची तर एका शीटच्या पैशात घरात आठवड्याची भाजी येते. एक्स-रेची आठ बाय दहाची फिल्म त्याच्या दशांशातसुद्धा बसते. दोन बाजूंनी दीड-दीड इंच कापली की झालं. चिंगूसपणाला कलेचा असा आधार क्वचितच मिळतो.

पर्वती हरवल्यावर मी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. काकांची सगळी नोकरी एका सरकारी इस्पितळाच्या डार्करूममध्ये गेली. दिवसा नोकरी करूनही त्यांनी दिवस असा पाहिलाच नाही. ते ‘फोटो’ हा शब्द वापरत नाहीत. प्लेट घ्यायची, प्लेट धुवायची, ओली प्लेट डॉक्टरला दाखवायची. रंटजेनने २२ डिसेंबर १८९५ रोजी आपल्या बायकोच्या हाताचं चित्र घेतलं ते काचेच्या प्लेटवर. पहिल्या महायुद्धात बेल्जियमची काच मिळेनाशी झाली, फिल्म आली आणि काच मोडीत निघाली. त्याला शंभर वर्षं उलटून गेली, पण आपल्याकडे अजून प्लेटच काढतात.

“ड्राय घेतलीस?” काका म्हणाले. “अरे, ती झेरॉक्स. वेट माग. ग्रीन सेन्सिटिव्ह सांग.” आणि मग, बऱ्याच वर्षांत कोणी विचारलं नव्हतं म्हणून असेल, त्यांनी मला सगळं सांगितलं.

त्यातली एक गोष्ट ऐकून मी उडालोच. एक्स-रेची फिल्म एक्स-रे जवळजवळ बघतच नाही! कॅसेटच्या आत दोन पडदे असतात, त्यांच्यावर गॅडोलिनियमच्या संयुगाचा थर. किरण त्यांच्यावर पडले की पडदे हिरवे उजळतात. मध्ये दाबून बसलेली फिल्म तो हिरवा उजेड टिपते, दोन्हीकडून, म्हणून तिला पाठीपोटी दोन्ही बाजूंना इमल्शन असतं. त्यामुळे किरण थोडे पुरतात आणि रोग्याच्या अंगावर कमी मारावे लागतात. म्हणजे फासळ्या, मणके, मुतखडे, ज्यांच्याबद्दल ही फिल्म इतक्या अधिकाराने बोलते, ते सगळं तिला ऐकीव. बिचारीने बाहेरचं जग पाहिलेलंच नाही. कॅमेऱ्यात घातली की प्रथमच तिच्यासमोर झाड येतं.

अर्थात दवाखान्याबाहेर तिने याआधीही उद्योग केले आहेत. लेनिनग्राडमध्ये १९४०-५०च्या दशकांत बंदी घातलेली गाणी लोक टाकून दिलेल्या एक्स-रेवर कोरून, तबकड्या कापून चोरून विकत. त्या तबकड्यांना फासळ्याच म्हणत. आणि १६ फेब्रुवारी १९८०चं ग्रहण खग्रास दिसलं ते कारवारकडे, पुण्यात खंडग्रास. ते आम्ही मुलांनी आतोबांच्या छातीतून पाहिलं. डाव्या फुप्फुसातून सूर्य जरा बरा दिसत होता. (डोळ्यांचे डॉक्टर हे वाचून कपाळाला हात लावतील. तसं बघू नये.)

तर वेट फिल्म आली. ही लाल रंगाला पूर्ण आंधळी, म्हणून तिच्यासमोर लाल दिवा लावून खुशाल वावरावं. मी देवघरातला लाल झिरोचा बल्ब काढून आणला. काका म्हणाले, “थांब, त्याची परीक्षा घेऊ.” फिल्मच्या तुकड्यावर त्यांनी रुपयाचं नाणं ठेवलं, पाच मिनिटं त्या बल्बखाली राहू दिलं आणि तुकडा धुतला. सगळीकडे राखाडी धुकं आणि मधोमध रुपयाएवढं स्वच्छ गोल बेट. बल्ब नापास. वरून लाल रंग फासलेला, आतून पांढरा तो पांढराच. देवाला इतकी वर्षं चालला तो फिल्मला चालला नाही. मग एलईडीचा लाल दिवा आणला, त्याच्याखाली नाणं उमटलं नाही.

बाथरूम रात्री दोन तास माझ्या ताब्यात असावी, याला घरातून विरोध झाला. मी बायकोला दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण दिलं. त्यांच्या सरस्वतीबाई रात्री जागून कोऱ्या फिल्मला भोकं पाडत असत. “त्यांनी न्हाणीघरही दिलं होतं का?” असं तिने विचारलं. चरित्रात याबद्दल काही आहे का ते मी पाहणार आहे.

इस्पितळातलं डेव्हलपर फार कडक असतं, त्यात एक काळं आणि एक पांढरं, मधलं काही उरत नाही. काकांनी मला डी-७६ बनवायला लावलं. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २, सगळं मिळून एक लिटर. ‘रुचिरा’त शोभेल अशी कृती, फक्त चवीनुसार काही नाही. त्यात वर तिप्पट पाणी, आमटी वाढवतात तसं.

खरी कसोटी ओरखड्यांची. ओली फिल्म म्हणजे दुधावरची साय. नख लागलं की गेली. नेहमीची फिल्म एका बाजूने तरी मजबूत असते, हिला दोन्हीकडून जपायचं. वरून सांभाळावी तर खाली ट्रेला घासते. पहिल्या चार फिल्मांवर असे ओरखडे उठले की मांजराने धुतल्या असाव्यात. काकांनी ट्रेच्या तळाशी काच घालायला सांगितली आणि मला नखं कापायला लावली, शाळेत सोमवारी प्रार्थनेनंतर पाहत तशी हात पालथे-उताणे करून तपासली. मे महिना होता. टाकीचं पाणी बत्तीस अंशांचं, रसायनाला हवं वीस. बर्फ भरलेला स्टीलचा पेला ट्रेमध्ये उभा केला. लाल उजेडात ते सगळं एखाद्या तांत्रिकाच्या पूजेसारखं दिसत होतं.

आता माणसाचा फोटो काढायचा होता. घरातल्यांनी नकार दिला, उरली आत्या. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, फोटोला कधीही तयार. पण मी एक चूक केली. एक्स-रेच्या फिल्मवर काढतोय, असं तिला सांगितलं.

“उपाशीपोटी यायचं का रे?” तिने फोनवर विचारलं.

नको म्हटलं. सकाळी नऊला ती गच्चीवर आली ती गळ्यातलं रुमालात बांधून, हेअरपिना काढून, बांगड्या पर्समध्ये ठेवून. दोन वर्षांपूर्वी छातीच्या एक्स-रेला तिला हे सगळं काढायला लावलं होतं, ते तिने लक्षात ठेवलं होतं. मी पुन्हा सगळं घालायला लावलं. “मग मशीन पकडेल ना सोनं,” ती म्हणाली. पकडू दे, म्हटलं.

आत्याला पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवलं. वर निळं आकाश, म्हणजे या फिल्मच्या आवडीचा उजेड. संध्याकाळच्या तांबूस उन्हात ही मंदावते आणि आपल्या पिवळ्या बल्बखाली तर रातांधळी होते. मी काळ्या कापडात डोकं घातलं. काचेवर आत्या उलटी, पाय आकाशाला, खुर्चीसकट छताला चिकटलेली, आणि त्या अवस्थेत ती पदर नीट करत होती. मी छिद्र बारीक केलं, होल्डर सरकवला. शटर नाही, भिंगावरची टोपी काढायची, एक सेकंद मोजायचा आणि परत घालायची.

“आत्या, हलू नकोस हं.”

आणि मागून काकांचा आवाज आला, चाळीस वर्षांच्या सवयीचा: “श्वास आत घ्या... रोखून धरा!”

आत्याने छाती भरून श्वास घेतला आणि रोखला. मी टोपी काढली, घातली. काका ‘सोडा’ म्हणायला विसरले. आत्या लाल व्हायला लागली तेव्हा आमच्या लक्षात आलं.

रात्री फिल्म ट्रेमध्ये सोडली. मिनिटभर काही नाही. मग आत्याचे पांढरे केस आधी काळे होऊन आले, मग लुगड्याचा काठ, मग खुर्चीचा हात. कपाळाच्या मधोमध एक गोल काही केल्या काळं होईना, तसंच फिकं राहिलं. सात मिनिटांनी पाण्यात, मग हायपोत. हायपोत फिल्मवरचा दुधट पडदा विरत जातो, दोन्ही बाजूंचा, आणि चित्र आरपार होतं. काकांनी ती चिमट्याने उचलली, ट्यूबलाइटसमोर धरली, बराच वेळ न्याहाळली.

“हाड कुठे मोडलेलं नाही,” ते म्हणाले.

ओरखडा एकच, पदरावर, तोही आतल्या अंगाला.

दोन दिवसांनी कागदावर छापली. कागदावर फिल्म, फिल्मवर काच, वर क्षणभर दिवा. या फिल्मच्या पाठीला उजेड गिळणारा काळा थर नसतो, त्यामुळे उजेड आतल्या आत सांडतो आणि पांढऱ्या गोष्टींभोवती प्रभावळ येते. आत्याच्या केसांभोवती ती आली होती. पण चेहऱ्याला मात्र अजिबात दयामाया नाही. कातडीतला लालसर रंग हिला दिसत नाही, म्हणून जिथे जिथे रक्ताची झाक तिथे गडद. गालावरचे वांगाचे डाग, कपाळावरच्या बारीक रेघा, डोळ्यांखालची जाळी, जी आपल्याला रोज समोर असून दिसत नाही, ती सगळी नकाशासारखी उमटलेली. मोबाइलमध्ये आत्या साठीची दिसते. इथे ती अठ्ठ्याहत्तर पूर्ण होती. आणि कुंकू काळं कुळकुळीत.

ते कुंकू मी पूर्वी पाहिलं होतं. आमच्या जुन्या घरी माजघरात आजीचा फोटो होता, मिरजेच्या स्टुडिओत १९३०च्या सुमारास काढलेला. आजी खुर्चीच्या टोकावर बसलेली, नाकात नथ, ओठ जवळजवळ काळे, कपाळावर काळं ठसठशीत कुंकू. पूर्वी काळं कुंकू मिळायचं, अशी माझी लहानपणी समजूत होती. तेव्हाच्या प्लेटाही लाल रंगाला आंधळ्याच असायच्या, हे कुठे माहीत होतं? आजी गोरी होती म्हणतात. फोटोत तशी कधी दिसली नाही.

आता तो फोटो आत्याच्या घरी आहे, दिवाणाच्या वर.

मी प्रिंट नेऊन दिली. आत्याने चष्मा लावला. “कुंकू काळं आलंय रे,” ती म्हणाली. मी तिला हिरवे पडदे, गॅडोलिनियम वगैरे सांगायला लागलो. तिचं लक्ष नव्हतं. तिने प्रिंट हातभर लांब धरली, वर भिंतीकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

“नथ घालायला हवी होती,” ती म्हणाली.

मग उठून कपाटाकडे गेली. वरच्या फळीवर घरातले सगळे एक्स-रे असतात, खाकी पाकिटांत, आतोबांच्या छातीपासून सगळे. त्यातलं एक पाकीट तिने काढलं, आतली जुनी फिल्म दुसऱ्या पाकिटात सरकवली आणि ही प्रिंट आणि निगेटिव्ह त्यात घातली. पाकिटावर तिच्याच अक्षरात ‘डावा गुडघा’ असं लिहिलेलं होतं. ते खोडून तिने खाली लिहिलं, ‘मी’.

“रिपोर्ट वेगळा मिळतो का?” तिने विचारलं.