किडेअण्णा

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणाकडे किडा निघाला तर तो मारायला अण्णांची परवानगी लागते असं नाही. पण ओळख पटायच्या आत मारला, तर अण्णांचा चेहरा उतरतो. चपलेखाली सपाट झालेल्या ऐवजाकडे भिंगातून बघत ते हळहळतात, "मारा हो, पण कोण आहे ते विचारून तरी मारा! निदान सोंड तरी शाबूत ठेवायची."

अण्णा बँकेतले. चेकवरच्या सह्या पडताळण्यात सगळी नोकरी गेली. पीएफ मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली, संशय घ्यायची सवय मात्र बँकेने काही जमा करून घेतली नाही; ती त्यांच्याबरोबर घरी आली. आता सह्यांच्या जागी किड्यांच्या मिशा आल्या, एवढाच फरक. खिशात भिंग, बायकोचा भुवयांचा चिमटा आणि होमिओपॅथीच्या दोन-तीन रिकाम्या बाटल्या, एवढ्या सरंजामावर ते कुठल्याही स्वयंपाकघरात शिरतात. असा एक गृहस्थ प्रत्येक वस्तीत असतोच. कुणी साप ओळखतो, कुणी पेटी न उघडता देवगड की कर्नाटक ते सांगतो. त्यातले बरेचसे ठोकून देतात. अण्णांची अडचण ही, की त्यांचं खरं निघतं.

झुरळ हा त्यांचा लाडका विषय. तुम्ही "झुरळं झालीत" म्हणालात की ते विचारणार, "कुठली?" सिंकखालून बोटाच्या पेराएवढं फिक्कट निघालं, मानेमागे दोन काळे पट्टे असले, की ते जर्मन. गटारातून आलेलं, तांबूस, चांगलं दीड इंची, ते अमेरिकन. "नावावर जाऊ नका. अमेरिकन मूळचं आफ्रिकेतलं. आणि जर्मन तर आपल्याच बाजूचं, बंगालच्या उपसागराकडचं. २०२४ साली जनुकं तपासून सांगितलंय शास्त्रज्ञांनी." हे सांगताना त्यांच्या आवाजात किंचित अभिमान येतो, आणि घरची बाई हातात झाडू घेऊन ताटकळत उभी असते.

उपायही ते सांगतात, पण जरा मागाहून, उपकार केल्यासारखे. जर्मनची मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी पिल्लं निघेस्तोवर पोटाशीच बाळगते, म्हणून दिसेल तेवढी ठेचून भागत नाही. बिजागरीत, ओट्याच्या फटीत, मिक्सरच्या मागे जेलचे मोहरीएवढे ठिपके द्यायचे. ते खाऊन झुरळ फटीत जाऊन मरतं, त्याला आणि त्याच्या विष्ठेला खाऊन भाऊबंदही मरतात. "आणि वहिनी, जेल लावल्यावर तिथं फवारा मारायचा नाही. वास आला की ती जेलकडे फिरकत नाहीत." वहिनींनी फवारा मारलेला असतो. अण्णांना तो आल्याआल्याच कळलेला असतो.

लोक अण्णांना टरकून असतात ते इथे. किडा एक वेळ परवडतो, निदान परवडत नाही. रव्याला जाळी धरलेली दिसली की ते डबा उजेडाला नेतात. "ही पाखराच्या अळीची जाळी. रवा कधीचा?"

"कालच आणला."

"काल? मग जाळीसकट दिला असेल," असं म्हणून ते सासूबाईंकडे बघतात. सासूबाई सुनेकडे बघतात. तांदूळ निवडून, चाळून ठेवले तरी पुन्हा सोंडे कसे होतात याचा खुलासाही त्यांच्यापाशी आहे: सोंडकिडा दाणा कोरून आत अंडं घालतो, ते चाळणीला कुठून दिसणार! तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग डबा भरा. बिब्बे, कडुलिंबाचा पाला हे ते नाकारत नाहीत, पण "आधी ठेवायचे असतात ते, किडे पडल्यावर नाही" हे ठासून सांगतात. वरात निघून गेल्यावर अक्षता टाकून काय उपयोग, असा एकूण सूर.

ढेकणांचं प्रकरण मात्र ते दबक्या आवाजात हाताळतात, असा त्यांचा स्वतःचा समज आहे. तिसऱ्या मजल्यावरून "सहज चहाला या" असं बोलावणं आलं, तेव्हा अण्णा बाटली घेऊनच गेले. गादीची शिवण उलटी केली, काळे ठिपके दाखवले, आणि जिन्यापर्यंत जाईल अशा कुजबुजीत म्हणाले, "ढेकूण सहसा चालत येत नाही, सामानातून येतो. गेल्या महिन्यात कोण बाहेरगावी गेलं होतं?"

"हे गेले होते बंगळुरूला. ऑफिसच्या कामाला, विमानाने."

अण्णांनी बॅगेची चेन उघडून आत भिंग लावलं. "विमानातूनही येतात. पण दीड-दोन तासांत इतके नाही चढत. ही रात्रभराची कमाई आहे."

यजमानांनी चहाचा कप खाली ठेवला. स्लीपर बसचं तिकीट आणि विमानाचं भाडं यांतला फरक त्या संध्याकाळी घरात पहिल्यांदाच उघड झाला. अण्णांना यातलं काही जाणवलं नाही. ते चादरी कढत पाण्यात भिजवायला, पलंगाचे सांधे तपासायला सांगण्यात आणि घर बंद ठेवून ढेकूण मरत नाहीत हे समजावण्यात गुंतले होते. उपाशी ढेकूण महिनोन्‌महिने वाट बघतो म्हणाले. वाट बघायची वेळ यजमानांवरही आली असावी, कारण पुढे बरेच दिवस ते हॉलमध्ये झोपत होते.

अशा माणसाला पुतण्यासाठी मुलगी बघायला नेऊ नये, हे सगळ्यांना कळत होतं. पण घरातले वडीलधारे तेच. कल्याणला मुलीच्या घरी पोहे आले, पत्रिकेचं बोलणं निघालं, आणि अण्णा सोफ्यावरून नाहीसे झाले. बघतो तर ते सोफ्याच्या पायाशी बसून जमिनीवरची भुकटी चिमटीत चोळत होते. मुलीच्या वडिलांचा घसा कोरडा पडला. "वाळवी नाही हो आमच्याकडे," ते घाईघाईने म्हणाले.

"वाळवी नाहीच ती," मुलगी म्हणाली. "वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या, नाहीतर रव्यासारखे दाणे पडले असते. हे मैद्यासारखं मऊ लागतंय ना? भुंगा आहे. भोकांत सिरिंजने औषध सोडून मेणाने बुजवलीत मी. नवीन भोक दिसलं का तुम्हाला?"

अण्णांनी भिंग लावून पुन्हा एकदा पाय तपासला. मग गुडघ्यावर हात टेकत उठले, चिमटीतली भुकटी रुमालाला पुसली आणि पुतण्याच्या आईला म्हणाले, "मुलगी पसंत आहे."

पुतण्या अजून पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत होता.