सात दिवसांच्या वरचं काही नाही

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की बिंदुसरा धरणाचं पाली. अशा कुठल्याही गावात आता एक 'पुण्याच्या कंपनीतला' असतोच, आणि लॉकडाउनपासून तो पुण्यात नसून घराच्या स्लॅबवर असतो, कारण रेंज तिथंच येते. रात्री अडीचला त्याच्या तोंडावर निळा उजेड दिसला की शेजारच्या म्हाताऱ्या विचारतात, "काय करायलास रे?" तो म्हणतो, "लॉग साफ करायलोय." म्हाताऱ्यांना पटतं. साफसफाई हे काम आहे.

तो डेटास्टेजच्या सपोर्टला असतो. 2005 साली आयबीएमनं असेन्शियल कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर हे अवजार आलं. कुठल्याशा बँकेचा दिवसभराचा हिशेब रात्री एका गोदामातून दुसऱ्यात वाहायचा, हे या अवजाराचं काम. त्यातला प्रत्येक जॉब स्वतःची रोजनिशी लिहितो, आणि लिहिताना हात आखडता घेत नाही. तारखेचा एक रकाना बिघडला आणि कुणी मर्यादा घातलेली नसली, की ओळीगणिक एक तक्रार. हे सगळं आरटी-लॉग नावाच्या फायलीत साचतं. जुन्या बांधणीची ही फाईल 2 जीबीला टेकली की मोडते, मग जॉब अडतो आणि स्लॅबवरचा फोन वाजतो.

डेटास्टेजचं 'डिरेक्टर' उघडून एकेका जॉबचा लॉग हातानं पुसता येतो. पण प्रोजेक्टमध्ये शेकड्यांनी जॉब असताना हे करणाऱ्याकडे तो दयेनं बघतो. त्याची स्क्रिप्ट आहे. डीएसजॉब या कमांडकडून जॉबची यादी घ्यायची, प्रत्येकाचा नंबर काढायचा, चालू जॉबला हात लावायचा नाही, बाकीच्यांच्या सात दिवसांपेक्षा जुन्या नोंदी उडवायच्या, म्हणजे पर्ज करायच्या. खरा राग त्याला नव्या पोरांचा. ती सरळ 'क्लिअर डॉट फाईल' ही कमांड मारतात. फाईल लख्ख होते, पण आपोआप साफ व्हायची सेटिंगही त्याच फायलीत बसलेली असते, तीही जाते. झाडता झाडता झाडूच उकिरड्यावर! दोन तिरक्या रेघांनी सुरू होणाऱ्या नोंदी वगळायच्या, एवढं साधं यांना कळत नाही, असं तो मलाही ऐकवतो. मी मान हलवतो. (मला तिरकी रेघ फक्त हातउसन्याच्या हिशेबातली माहीत.)

पंचाईत अशी, की स्क्रिप्टचा नियम त्याच्या अंगात मुरलाय. सात दिवसांच्या वरचं काही ठेवायचं नाही. बायको दिवाळीतलं काही काढते, तर म्हणतो, "ते पर्ज झालं." बायकोचा लॉग वेगळ्या सर्व्हरवर आहे, हे अजून त्याच्या ध्यानात आलेलं नाही. एकदा त्यानं आईची आहेराची वही रद्दीत टाकायला काढली. आई जेवायचीच थांबली. कुणी किती साडी-चोळी केली, कुणी नुसताच नारळ टेकवला, तीस वर्षांचा हिशेब त्यात. वही पुन्हा ट्रंकेत गेली, आता कुलपासकट.

भावकीत बांधाचं भांडण निघालं तेव्हा त्यानं चुलत्याला समजावलं, "नाना, जुनं पुसून टाका. सिस्टीम हलकी होते."

नाना तंबाखू मळत होते. म्हणाले, "तुझ्या आज्याच्या वेळी दोन हात बांध कोरला तो. पुसतो की! पण आधी हे सांग, तुझी ती स्क्रिप्ट तलाठ्याच्या फेरफारावर चालती का?"