दोन क्लिक उजवीकडे

मोटरसायकलच्या सस्पेन्शनला कामे दोनच: चाक जमिनीला चिकटवून ठेवणे आणि वर बसलेल्याची कंबर सांभाळणे. रस्त्यावर कंबरेला मान असतो, ट्रॅकवर चाकाला. ट्रॅकवर खड्डे नसतात, गतिरोधक नसतात, उलट्या दिशेने येणारा दूधवालाही नसतो. गाडीला जो काही त्रास होतो तो वर बसलेल्याकडूनच. तो सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबतो आणि सगळा भार पुढच्या चिमट्यावर, म्हणजे फोर्कवर, येऊन गाडी नाक खुपसते. हे सर्वस्वी वाईट नव्हे. नाक खाली गेले की स्टिअरिंगचा कोन बदलतो, ट्रेल, म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष जिथे जमिनीला भिडतो तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर, कमी होतो आणि गाडी चटकन वळते. प्रश्न एवढाच की नाक किती खाली जावे आणि किती झपाट्याने. या प्रश्नाचे उत्तर पिटलेनमधल्या प्रत्येकाला ठाऊक असते, फक्त ज्याची गाडी आहे तो सोडून.

सुरुवात होते सॅगपासून. चाके अधांतरी असताना एक माप घ्यायचे, रायडर बसल्यावर दुसरे. या दोन मापांतला फरक म्हणजे सॅग. ट्रॅकसाठी पुढे 30 ते 35 मिलिमीटर आणि मागे साधारण तेवढाच किंवा थोडा कमी सॅग बरा समजतात. मोजायला तीन माणसे लागतात: एक बसणारा, एक गाडी सरळ धरणारा आणि एक टेप घेऊन वाकणारा. चौथा सल्ला द्यायला आपोआप येतो. बसणाऱ्याने चामड्याचा सूट, हेल्मेट, बूट असा सगळा सरंजाम अंगावर चढवूनच बसायचे, कारण हे सामानही काही किलो भरते. नुसते वजन विचारून काम भागत नाही. रायडर सांगतो ते वजन बहुधा लग्नाच्या वेळचे असते आणि स्प्रिंग दबते ती आजच्या वजनाने.

सॅग जमवायचा तो प्रीलोडने, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते पान्याने ठरवून. प्रीलोड आवळला की स्प्रिंग कडक होते, हा समज गॅरेजांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. प्रत्यक्षात गाडी फक्त उंच बसते. स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर. रॉबर्ट हूकने 1678 मध्ये स्प्रिंगचा नियम छापला, त्यात पान्याचा उल्लेख नाही. रायडर बसल्यावर सॅग बरोबर भरतो, पण रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने जराही खाली बसत नाही, असे दिसले तर स्प्रिंग मऊ आहे आणि प्रीलोडने तिला जबरदस्तीने उभे केले आहे. ऐकायला हे उलटे वाटते. सस्पेन्शनमध्ये जे उलटे वाटते ते पुन्हा एकदा तपासून पाहावे, बहुधा तेच बरोबर निघते.

स्प्रिंगला एकटे सोडले तर ती उड्या मारत बसेल, म्हणून डॅम्पिंग. शॉकअपमधले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हालचालीची उष्णता होते. दबतानाचा विरोध म्हणजे कम्प्रेशन, परत वर येतानाचा रिबाउंड. दोन्हींचे स्क्रू टिकटिक करत फिरतात आणि येथून माणसाचे डोके फिरू लागते. रीत सोपी आहे: स्क्रू उजवीकडे हलक्या हाताने पूर्ण बंद करायचा, मग मागे येत क्लिक मोजायचे, एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद. रायडर चार बदल एकदम करतो, गाडी सुधारते आणि कशामुळे सुधारली हे त्या गाडीचे कायमचे गुपित बनते.

फसवा खरा रिबाउंड. तो कमी असला तर गाडी कोपऱ्यातून निघताना डुलते. हे सहज कळते. जास्त असला तर लागोपाठच्या उंचवट्यांवर चिमटा वेळेत वर येत नाही, एक पाहुणा उठायच्या आत दुसऱ्याने येऊन बसावे तसे होते, आणि चिमटा दबत दबत तळाशी जातो. रायडरला गाडी कडक लागते. तो परत येऊन कम्प्रेशन सैल करतो, चिमटा आणखी खोल बसतो, गाडी आणखी कडक लागते. सैल करायचा होता रिबाउंड.

भारतातल्या बहुतेक 150-200 सीसी गाड्यांच्या चिमट्याला फिरवायला एकही स्क्रू नसतो. तिथे जाडसर तेल घालायचे किंवा तेलाची पातळी थोडी वाढवायची. वरची हवेची जागा घटते आणि चिमटा शेवटच्या टप्प्यात आखडतो. ओलिन्स या स्वीडिश कंपनीचा सोनेरी चिमटा गाडीपेक्षा महाग पडू शकतो. तिचे स्टिकर स्वस्त असतात आणि ते लावूनही फरक पडल्याचे शपथेवर सांगणारे भेटतात.

चिमट्याच्या दांडीवर एक प्लास्टिकची केबल टाय बांधली की मात्र थापा बंद होतात. फेरीनंतर ती जिथे सरकलेली दिसते, तिथपर्यंत चिमटा दबला. अगदी तळाशी टेकली तर सेटिंग मऊ. मध्यावरच राहिली तर सेटिंग कडक आहे किंवा रायडर हळू आहे. दुसरी शक्यता तोंडावर बोलून दाखवायची पद्धत नाही.

कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पुण्या-कोल्हापूरकडची मंडळी टेम्पोत गाड्या घालून जातात. सकाळी जमलेली गाडी दुपारी बिघडते आणि स्क्रू ड्रायव्हर बाहेर निघतो. वास्तविक ट्रॅक तापलेला असतो, टायरमधली हवा फुगून दाब चढलेला असतो. हवेचा गेज आधी आणि स्क्रू ड्रायव्हर नंतर, हा क्रम पाळला तर निम्मी ट्यूनिंग करावीच लागत नाही. मोटोजीपीत इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनला बंदी आहे, तेव्हा तिथेही रायडर हातवारे करत तक्रार सांगतो आणि इंजिनियर लिहून घेतो. तिथे सेन्सरचा आलेख शेजारी असतो, म्हणून हातवारे थोडे जपून केले जातात.

दिवस संपल्यावर सगळे क्लिक रस्त्याच्या सेटिंगवर आणायचे. वही हरवली असेल तर गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावी लागते. कंपनीने सुचवलेले आकडे तिच्यात पहिल्यापासून छापलेले असतात आणि दिवसभराच्या खटपटीनंतर गाडी बऱ्याचदा त्यांच्यापासून दोन क्लिकवर येऊन थांबलेली असते.