अर्जदार : एक झाड

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
बोधचिन्ह, शुभंकर व रंगसंगती समिती,
विद्यार्थी संघटना विभाग (विद्यापीठ कोणतेही)

विषय : शुभंकर मार्गदर्शिकेतून सूट मिळणेबाबत.

महोदय/महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर, की समितीने विद्यार्थी संघटनांसाठी काढलेली मार्गदर्शिका अर्जदाराने बुंध्यापासून शेंड्यापर्यंत वाचली. बोधचिन्हाभोवती जागा किती सोडावी, ते ताणू नये, तिरके करू नये, त्याची सावली पाडू नये. शुभंकराच्या पोशाखातल्या विद्यार्थ्याने तोंडातून शब्द काढू नये आणि चारचौघांत मुंडके उतरवू नये, हे सारे अर्जदारास समजले. सावलीचे कलम तेवढे झाडाला जड गेले.

अर्जदार कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वाद्यवृंदाचा शुभंकर आहे. विद्यापीठाचा नव्हे, कारण विद्यापीठाला अधिकृत शुभंकरच नाही. १९७२ पर्यंत तिथे ‘इंडियन’ होता. अमेरिकेतल्या आदिवासी समाजांच्या विद्यार्थ्यांनी हा आपला अपमान असल्याचे लेखी कळवले आणि तो गेला. योग्यच झाले. चित्रातली ती चूक कोणत्या मार्गदर्शिकेने नव्हे, विद्यार्थ्यांनी पकडली होती, एवढीच नोंद समितीने घ्यावी.

जागा रिकामी झाली. १९७५ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान करून ‘रॉबर बॅरन्स’, म्हणजे लुटारू धनदांडगे, हे नाव निवडले. संस्थापक लेलँड स्टॅनफर्ड रेल्वेच्या धंद्यात गब्बर झालेले गृहस्थ. टोमणा कोणाला आहे हे प्रशासनाला समजावून सांगावे लागले नाही. नाव नामंजूर झाले. त्याच वर्षी वाद्यवृंदाने सामन्यांच्या मध्यंतरात आपले उमेदवार मैदानात उतरवले : वाफाळते मॅनहोल, फ्रेंच फ्राय आणि झाड. पहिल्या दोघांचे पुढे काही झाले नाही. झाडाला आधार होता. विद्यापीठाच्या मुद्रेवर ‘एल पालो आल्तो’ हा हजाराहून अधिक वर्षांचा रेडवूड वृक्ष आधीच उभा होता. १९८१ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष डोनल्ड केनेडी यांनी खेळाडूंचे नाव ‘कार्डिनल’ असे एकवचनी जाहीर केले. कार्डिनल हा रंग आहे, पक्षी नाही, हेही ठरले. गडद लाल रंगाला मैदानात नाचता येत नाही. ते काम अर्जदाराकडे राहिले.

आता मूळ अडचण. दरवर्षी नवा विद्यार्थी झाड होतो आणि आपला पोशाख आपणच शिवतो. परिणामी अर्जदाराचे डोळे, फांद्या, उंची आणि चेहऱ्यावरचा भाव दरवर्षी बदलतो. समितीच्या ‘सातत्य’ या प्रकरणाप्रमाणे अर्जदार संपूर्ण नापास आहे. तरीही त्याला पाहून हे दुसऱ्या कोणत्या विद्यापीठाचे असावे, अशी शंका कोणाला येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर अर्जदाराने फुटबॉलच्या सामन्यात ‘स्टॅनफर्डला मजा आवडत नाही’ अशा अर्थाचा फलक धरला. उत्तरादाखल त्याला जानेवारीपर्यंत निलंबित करण्यात आले. फलकावरचे विधान खोडून काढण्याचे इतरही मार्ग उपलब्ध होते.

समितीस वाटेल, की झाडाचे हे खासगी गाऱ्हाणे आहे. म्हणून आयोवा राज्य विद्यापीठाचा दाखला जोडत आहे. तिथल्या खेळाडूंचे नाव ‘सायक्लोन्स’. १९५४ मध्ये शुभंकर हवा झाला तेव्हा भुसा भरलेली खेळणी बनवणाऱ्या स्थानिक कारखानदाराने सांगितले, वादळात भुसा भरता येत नाही. म्हणून कार्डिनल पक्षी आला. त्याचे नाव साय. चित्रनीतीचा एवढा प्रामाणिक निकष अर्जदाराच्या वाचनात दुसरा नाही.

२०१२ मध्ये तिथल्या एका नोंदणीकृत विद्यार्थी संघटनेने टी-शर्ट काढला. संघटना गांजाविषयक कायदे बदलावेत या मताची. टी-शर्टवर एका अक्षरात सायचे डोके आणि पाठीमागे गांजाचे पान. विद्यापीठाने रीतसर मंजुरी दिली. मग वर्तमानपत्रात छायाचित्र आले, राज्यातल्या राजकारण्यांकडून विचारणा झाली, आणि काही आठवड्यांत मार्गदर्शिकाच सुधारली गेली : अमली पदार्थांचा पुरस्कार सुचवणारी चित्रे चालणार नाहीत. पान गेले. विद्यार्थी २०१४ मध्ये न्यायालयात गेले. २०१६ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयाने निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने दिला : इतर संघटनांना चिन्ह वापरू द्यायचे आणि यांना मात्र मतामुळे अडवायचे, हे राज्यघटनेत बसत नाही. रंगाचा क्रमांक आणि समासाची मापे यांवर या खटल्यात कोणी भांडले नाही. भांडण झाले ते कोणते चित्र विद्यापीठाला चालेल यावर. समितीच्या मार्गदर्शिकेतही ‘विद्यापीठाच्या प्रतिमेस साजेसे’ अशी एक ओळ आहे, जिच्यापुढे मोजपट्टी दिलेली नाही.

दुसरा दाखला सांताक्रूझचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या शाखेतले विद्यार्थी पहिल्यापासून ‘बनाना स्लग’ला, म्हणजे तिथल्या रेडवूडच्या जंगलातल्या पिवळ्याधमक, बिनशंखाच्या गोगलगायीला, आपले मानत. १९८० च्या सुमारास संघ राष्ट्रीय स्पर्धांत उतरणार म्हणून ‘सी लायन’ हा भारदस्त प्राणी अधिकृत झाला. प्रेक्षक गोगलगायीच्याच नावाने ओरडत राहिले. १९८६ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान करून गोगलगाय निवडली. कुलपती रॉबर्ट सिन्शायमर म्हणाले, हा हक्क फक्त खेळाडूंचा. खेळाडूंना विचारले, तर त्यांनाही गोगलगायच हवी होती. सिन्शायमर स्वतः नामांकित जीवशास्त्रज्ञ. मानवी जनुकसंच वाचण्याच्या कल्पनेवर १९८५ मध्ये त्यांनीच तज्ज्ञांची बैठक बोलावली होती. गोगलगायीपुढे मात्र त्यांनी माघार घेतली. १९९४ च्या ‘पल्प फिक्शन’ चित्रपटात जॉन ट्रॅव्होल्टाच्या अंगावर याच गोगलगायीचा टी-शर्ट आहे. तेवढी प्रसिद्धी सी लायनच्या वाट्याला आली नाही.

करारनाम्याच्या मसुद्यावर समितीचे काम अडले असल्यास ओरेगन विद्यापीठाचे बदक पाहावे. १९४७ मध्ये क्रीडा संचालक लिओ हॅरिस आणि वॉल्ट डिस्नी यांनी हस्तांदोलन करून डोनल्ड डकचे रूप वापरायचे ठरवले. डिस्नी वारल्यावर कागद शोधले तर कागद नव्हते. ओरेगनचे जाकीट घातलेल्या डिस्नींचे छायाचित्र तेवढे होते. रीतसर करार १९७३ मध्ये झाला.

सबब विनंती, की :

१) रंग, अक्षरवळण आणि समास यांची कलमे समितीने खुशाल ठेवावीत. ती छापखान्याच्या सोयीची आहेत.

२) ‘साजेसे’ या कलमाखाली चित्र नाकारल्यास कारण लेखी द्यावे, आणि चित्र मंजूर होते त्या दिवशीचे नियमच त्याला लागू ठेवावेत.

३) शुभंकर विद्यार्थ्यांच्या मताने ठरावा. निकाल न आवडल्यास फेरमतदान एकदाच.

४) दरवर्षी स्वतःच्या हाताने शिवलेल्या पोशाखास सातत्याच्या प्रकरणातून सूट मिळावी.

कळावे,

आपला विश्वासू,
अर्जदार
(सही हिरव्या शाईत आहे, ती कोणत्याही मंजूर छटेत बसत नसल्यास काळी समजावी.)