रिकामा तबेला

समुद्रघोड्याला जठर नसतं, दात नसतात आणि पोहणंही बेताचंच. पाठीवरचा एवढासा पर सेकंदाला तीस-पस्तीस वेळा फडफडवून तो जेमतेम पुढे सरकतो, आणि दमला की शेपटीने एखाद्या काडीला विळखा घालून उभ्याउभ्या थांबतो. खाणं समोरून आलं तर तोंडाच्या नळीने ओढून घ्यायचं, नाही आलं तर बघत राहायचं. डोंबिवली लोकलच्या कडीला लटकून उभी हयात नोकरी केलेल्या माणसाला हा प्राणी नात्यातला वाटला, यात नवल नाही. आमची भेट फोनवरच्या चित्रफितीत झाली. तीत एक समुद्रघोडा बाळंत होत होता. मादी अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते आणि पुढचं सगळं त्याच्यावर सोडून देते. बायकोने ती चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली आणि इतक्या समाधानाने मान हलवली, की मी ती समुद्रघोडे पाळायची परवानगीच समजलो.

मी जे वाचलं ते सगळं परदेशी हौशी मंडळींनी लिहिलेलं. हवाई बेटांवर कोना इथे समुद्रघोड्यांची चक्क शेती आहे. तिथे टाकीतच जन्मलेली, गोठवलेलं खाणं खायला शिकलेली जोडपी अमेरिकेत घरपोच मिळतात. मी घरपोच या एका गोष्टीवर भाळलो. टाकी उभट हवी, कारण अंडी सोपवायच्या वेळी नवरा-बायको शेपट्या गुंतवून नाचत नाचत पाण्यात वर चढतात. उंची कमी पडली तर अंडी पिशवीऐवजी वाळूत. म्हणून दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच असं माप मी काचवाल्याला दिलं. त्याने ते लिहून घेतलं आणि विचारलं, "मूर्ती केवढी आहे?"

टाकीत 170 लिटर पाणी मावणार होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी वजनाचा हिशेब मागितला. पाणी, दगड, काच आणि लोखंडी स्टँड मिळून अडीचशे किलोच्या घरात गेलं. "तुळईवर येईल अशी भिंतीला लावून ठेवा," ते म्हणाले. "आणि खालच्या मजल्यावर मी राहतो, हे लक्षात ठेवा."

मी समुद्र विकत आणतोय ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. मेहुणा म्हणाला, जुहूहून चार कॅन भरून आणू. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं ते मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याने हातातली भेळ खाली ठेवली. शेजारच्या काकांनी भाईंदरच्या मिठागरातला ओळखीचा माणूस सुचवला. पण खायचं मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड, आणि समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम हे सगळं ठरल्या प्रमाणात असावं लागतं. त्यासाठी डब्यातलं तयार मीठ मिळतं, ते लिटरला साधारण 35 ग्रॅम घालायचं. मला सहा किलो लागलं. "या भावात काजूगर येतात," एवढंच बायको म्हणाली. नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून पाणी स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचं. ते भरेपर्यंत आल्यागेल्याला आम्ही नळाचं पाणी उकळून पाजलं.

मग रिफ्रॅक्टोमीटर. ही वीतभर नळी. तिच्या तिरक्या काचेवर खाऱ्या पाण्याचा थेंब टाकायचा, वरचं झाकण हलकेच दाबायचं, खाली बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि एक डोळा मिटून उजेडाकडे बघायचं. आत वरचा भाग निळा दिसतो, खालचा पांढरा, आणि दोन्ही रंग जिथे मिळतात तिथला आकडा वाचायचा. 1.025 आला की समुद्र जमला. आता उजेड आमच्या गॅलरीत सकाळी येतो, आणि समोरच्या इमारतीतल्या बाई त्याच वेळी त्यांच्या गॅलरीत कपडे वाळत घालतात. वॉचमन निरोप घेऊन आला, "समोरचे साहेब म्हणाले, दुर्बीण खाली ठेवा." नळी आणि वाटीभर समुद्र घेऊन मी खुलासा करायला गेलो. त्यांनी स्वतः थेंब टाकला, डोळा लावला, आकडा मोठ्याने वाचला. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. तरी पण जिन्यात बघत जा."

नव्या टाकीत लगेच जीव सोडता येत नाहीत. आधी पाण्यात अमोनिया तयार व्हावा लागतो. त्यावर जगणारे जीवाणू दगडांत-वाळूत वस्ती करतात, एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट, आणि ही साखळी बसायला काही आठवडे जातात. अमोनियासाठी जुनी युक्ती अशी, की एक कच्ची कोळंबी पाण्यात सडू द्यायची. मी बाजारात गेलो.

"मावशी, एक कोळंबी द्या."

"वाटा घे, दादा."

"वाटा नको. एकच."

"एक? मांजराला काय?"

"नाही, सडवायची आहे."

मावशींनी शेजारणीला हाक मारली. "ऐकलंस गो? हा दादा कोळंबी नासवायला नेतोय." मग माझ्याकडे वळून जरा रागानेच म्हणाल्या, "माझी ताजी आहे. वेळ लागेल नासायला."

खरोखरच लागला. पण एकदा नासली ती अशी, की पाहुणे दारातूनच निरोप सांगून जाऊ लागले. आमचं घर मासे खाणारं, त्यामुळे वासापेक्षा वाया जाण्याचं दुःख जास्त. जुन्या पायमोज्यात लोंबकळणाऱ्या त्या कोळंबीकडे बघून बायको म्हणाली, "पावशेर आणून शिजवली असती तर निदान रविवार तरी झाला असता." मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर काचेच्या कुप्यांत औषधाचे थेंब टाकून पाणी हिरवं होतंय की पिवळं ते बघत बसायचो. हिरवं झालं की अमोनिया आहे, म्हणजे आनंद. काही दिवसांनी पिवळं झालं की अमोनिया संपला, म्हणजे जास्त आनंद. घरात हा आनंद वाटून घ्यायला कोणी नव्हतं.

एवढ्यात मे उजाडला. समुद्रघोड्यांना कोमट पाणी मानवत नाही, उष्म्यात जीवाणू फोफावतात आणि ते पटकन आजारी पडतात. म्हणून पाणी 24 अंशांच्या आसपास ठेवायचं. डोंबिवलीत मे महिन्यात पाणी काही न करता 31-32 वर जातं. म्हणून चिलर आला. चिलर पाण्यातली उष्णता काढतो हे मी वाचलं होतं. ती काढून कुठे टाकतो, हा प्रश्न मला पडला नव्हता. तो ती हॉलमध्ये टाकतो. रिकामं पाणी 24 अंशांवर सुखात, आणि त्याच्या समोर आम्ही सगळे पंख्याखाली निथळतोय. सासरे आले ते खुर्ची ओढून टाकीला खेटून बसले आणि जेवायला उठेपर्यंत त्यांनी काचेला टेकलेला गाल हलवला नाही.

जठर नाही म्हणजे खाल्लेलं साठवायची सोय नाही, दिवसातून तीन-चार वेळा भरवावं लागतं. पुढे पिल्लं झालीच तर त्यांच्या तोंडात मावेल असं खाणं हवं, म्हणून मी आर्टेमियाची अंडीही खाऱ्या पाण्याच्या बाटलीत हवा सोडून उबवून पाहिली. दीड दिवसात नारिंगी ठिपके उजेडाकडे गोळा झाले. नातवंडांच्या जेवणाची सोय झाली. आता त्यांचे आई-बाप तेवढे आणायचे राहिले होते, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खाऊन बसलं.

गर्दीत भाव वाढू नये म्हणून मी शोभेच्या माशांच्या दुकानदाराच्या कानाशी जाऊन हळूच विचारलं, "घोडा मिळेल?" मुंबईत हा प्रश्न या आवाजात विचारायचा नसतो. त्याचा चेहरा पडला. समुद्रातला, असं मी घाईघाईने सांगितल्यावर तो आणखीनच पडला. "साहेब, गोल्डफिश बघा," म्हणत त्याने मला दारापर्यंत आणून सोडलं.

उलगडा भाचीने केला. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. जेवायला आली होती, हात पुसत टाकीसमोर उभी राहिली.

"मामा, यात काय सोडणार आहेस?"

"समुद्रघोडे. एक जोडी."

"वन्यजीव संरक्षण कायदा, 1972. पहिली अनुसूची. 2001 पासून."

"म्हणजे?"

"म्हणजे वाघ ज्या यादीत आहे ती. पकडायचे नाहीत, विकायचे नाहीत, घरात ठेवायचे नाहीत. तीन ते सात वर्षं."

"कसली?"

"तुरुंगाची, मामा."

चिनी औषधांसाठी वाळवलेले समुद्रघोडे पोत्यांनी जात, ट्रॉलरच्या जाळ्यांत सापडणारे वेगळेच. त्यामुळे जागतिक व्यापारावरही 2004 पासून साइटिस कराराचं बंधन आहे. हे सगळं तिने आमटीचा दुसरा भुरका मारत सांगितलं आणि ते इतकं रास्त होतं की वाद घालायला जागा नव्हती. बायकोने फक्त एक शंका काढली, "सात वर्षं चिलरचं बिल कोण भरणार?"

शेवटी क्लाउनफिशची जोडी आणली, टाकीतच पैदास झालेली. (ऐरोलीला वनखात्याच्या खारफुटीच्या केंद्रात त्यांची पैदास करतात, हे मला आधी कोणी सांगितलं नाही. मीही कुठे विचारलं होतं म्हणा.) यातली मोठी ती मादी. ती गेली तर नर स्वतःच मादी होतो आणि संसार पुढे चालवतो. ही माहिती मी उत्साहाने सांगितली, तर बायको म्हणाली, "मग आत्तापासून थोडं काम शिकवा त्याला." मादी काच पुसायला घातलेल्या हाताला चावते. फक्त माझ्या.

क्लाउनफिशला 26-27 अंश चालतात, तेव्हा पावसाळा लागताच मी चिलर बंद केला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तो घरघरतोय, आकडा 25 वर, आणि त्याच्या गरम वाऱ्यापुढे दोन खुर्च्यांवर माझे शर्ट पसरलेले. जुलैत डोंबिवलीत कपडे वाळणं म्हणजे काय, ते डोंबिवलीकराला सांगायला नको. आमचे चार तासांत वाळतात. परवा शेजारच्या काकू प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दारात उभ्या. "आमच्या ह्यांची पॅन्ट आहे," म्हणाल्या, "रात्रभर ठेवाल का तुमच्या समुद्रापुढे? उद्या ह्यांचा इंटरव्ह्यू आहे."