दिल्ली ते म्हसवड : वेळ काढण्याची शास्त्रशुद्ध रीत

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो आणि देशभर पांगलेले, सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले गावाकडं सुटतात. त्यांत दिल्लीच्या कूचा महाजनीत दुकान थाटलेले एक दाजी प्रत्येक सासुरवाडीत असतातच. पुण्याच्या विमानासाठी निघताना त्यांचा फोन ठरलेला : "दोन तास दहा मिनिटांत आलोच!" मुशीतल्या सोन्याचा मिलिग्रॅम न सोडणारा हा माणूस वेळेचे आठ-नऊ तास खुशाल सोडून देतो. अशा दाजींच्या सासुरवाडीसाठी हे नियम.

नियम पहिला. दिल्ली-पुणे सरळ रेषेत साडेअकराशे किलोमीटर. विमान ताशी आठशेनं उडतं, म्हणजे भागाकारानं दीड तासही लागू नये. पण तिकिटावरची दोन तास दहा मिनिटांची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि पुण्यात जागेवर उभं राहिलं की संपते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, हळूहळू उतरणं, ठरलेल्या मार्गाची वळणं, सगळं त्यात आलं. कंपन्या वर थोडी सैल वेळही धरतात. म्हणून विमान कधी दहा मिनिटं आधी येतं आणि श्रेय दाजी घेतात.

नियम दुसरा. वाऱ्याला दोष देण्याचा हक्क फक्त कोलकात्याच्या दाजींना. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरात वाहतो, त्यामुळं जाताना लवकर, येताना उशीर. दिल्लीकरांनी धुक्यावर भागवावं.

नियम तिसरा, आणि खरा. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरणं म्हणजे पोहोचणं नव्हे. हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, मोगराळे घाट, दहिवडी, गोंदवले, मग म्हसवड. अंतर विमानाच्या सहाव्या हिश्शाएवढं, वेळ मात्र दुप्पट. त्यात हडपसरला गाडी अडकली तर देवाचं नाव घ्यावं. दाजी, आषाढी वारीच्या दिवसांत येणार असाल तर माउलींची पालखी दिवे घाट कधी चढते ते आधी बघा. त्या दिवशी घाट वाहनांना बंद असतो. तेव्हा साताऱ्याकडून या आणि कुरकुर करू नका.

दिल्लीच्या चांदनी चौकातून विमानतळ, तिथली तपासणी, पुण्यात पट्ट्यावरच्या बॅगेची वाट हे सगळं धरलं की दोन तास दहा मिनिटांचे साडेदहा-अकरा तास होतात. इकडं सासूबाईंनी मात्र फोन ठेवल्याबरोबर पीठ मळायला घेतलेलं असतं. दाजी दारात येईपर्यंत त्या भाकरी घरातल्यांनी खाल्लेल्या असतात आणि तवा पुन्हा चढतो. त्याबद्दल ती माउली आजवर जावयाला एक शब्द बोललेली नाही.

नियम चौथा. "किती वाजता पोहोचाल?" असं दाजींना विचारू नये. "फलटण सोडलं का?" असं विचारावं. हो म्हणाले, तरच पीठ मळावं.