सस्टेन आहे, दाजी!

दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकल्यावर माणसाने चपला काढाव्यात, पाणी मागावं, फार तर पंखा वाढवायला सांगावा. आमचा मेव्हणा आधी दार वाजवतो. आत आल्यावर! उघड्या दारावर बोटाच्या पेराने तीन ठिकाणी टकटक करतो, कान लावतो, डोळे मिटतो आणि निकाल देतो, “फ्लश डोअर. सस्टेन शून्य.” (सस्टेन म्हणजे सूर किती वेळ टिकतो ते.) मग चपला काढतो.

असा एक तुमच्याही नात्यात असणारच. बाजारात तयार मिळणारी प्रत्येक वस्तू हा ज्याला स्वतःच्या कर्तृत्वाचा अपमान वाटतो, तो. “विकत कशाला? घरी होतं की!” हे त्याचं ब्रीद. आमच्याकडे हे प्रकरण पाव, साबण आणि (सासूबाईंनी वेळीच हाणून पाडलेल्या) मधमाश्या अशी वळणं घेत इलेक्ट्रिक गिटारपर्यंत पोचलं. स्वतःची गिटार स्वतः करायची. “पण तुला वाजवता येते का?” असं कुणी विचारलं की तो लिओ फेंडरला पुढे करतो. 1951 सालची टेलिकास्टर, 1954 सालची स्ट्रॅटोकास्टर ज्याच्या कारखान्यातून निघाली, तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. दुर्दैवाने हे खरं आहे.

दुसरा गुन्हेगार ब्रायन मे. ‘क्वीन’ बँडवाला. 1963 साली या पोराने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करायला घेतली. मान जुन्या शेकोटीवरच्या महोगनीच्या फळीची. तिला किडीने पाडलेली भोकं काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवलेली. आतल्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या, पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या बटणांचे. ही कथा कळल्या दिवसापासून आमच्या मेव्हण्याला जगात फर्निचर दिसेनासं झालं. दिसतात त्या फक्त भावी गिटारी.

मुलगी बघायला गेलो तिथे पोह्यांची बशी बाजूला सारून त्याने टीपॉय वाजवला आणि भावी सासऱ्यांना सांगितलं, “वर नुसता सनमायका आहे.” ते स्थळ तिथेच संपलं. मंडईत तो लाल भोपळे ठोकून बघायला लागला. कारण काय, तर मिरजेला सतारीचा भोपळा पारखून घेतात. (तो भोपळा वेगळा, कडू आणि वाळवलेला, हे त्याला कोण सांगणार?) भाजीवाली म्हणाली, “दादा, घ्यायचा तर घ्या, नाडी काय बघताय?”

कळस झाला तो मावशींकडे. त्यांचे यजमान गेले म्हणून आम्ही भेटायला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि हा काकांच्या आरामखुर्चीच्या लांब हाताला टकटक करतोय. मी डोळे वटारले. तो कुजबुजला, “सस्टेन आहे, दाजी!” मावशींनी विचारलं, “काय रे?” “काकांची खुर्ची शिसवी आहे, मावशी.” झालं! मावशींचा बांध फुटला. “त्यांनाच किंमत होती रे तिची. इतक्या माणसांत तुझंच लक्ष गेलं. ने बाबा, तूच ने.” आम्ही सांत्वनाला गेलो आणि खुर्ची घेऊन परत आलो.

आता या टकटकीतली मेख सांगतो. लाकडाचा सूर ऐकणं हे पोकळ वाद्याच्या कारागिराचं काम; तिथे लाकूडच आवाज फेकतं. भरीव इलेक्ट्रिक गिटारीत पोलादी तार चुंबकापुढे थरथरते आणि चुंबकाभोवतीच्या कॉइलमध्ये वीज उमटते. त्यात लाकडाचा वाटा किती, यावर गिटारवाले द्वैत-अद्वैताच्या हिरिरीने भांडतात. गिटारवादक लेस पॉलने 1940 च्या सुमाराला चार इंच बाय चार इंच पाइनच्या ओंडक्यावरच तारा चढवल्या होत्या. नुसता ओंडका लोकांच्या पचनी पडेना, तेव्हा त्याला दोन्ही बाजूंनी खऱ्या गिटारीचे अर्धे अर्धे भाग चिकटवले. हे मी मुद्दाम ऐकवलं. मेव्हणा म्हणाला, “पण ओंडका आधी वाजवून घेतला असेल ना?”

मग पिकअप, म्हणजे तेच चुंबक आणि कॉइल. तो तयार मिळतो, पण तयार म्हणजे अपमान. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून केसाहून बारीक तांब्याची तार आणली आणि सासूबाईंच्या शिलाई मशीनवर, बॉबिन भरायच्या चाकावर, गुंडाळायला बसला. वेढे सुमारे 8000, मोजणी तोंडी. “चहा टाकू का रे?” “चार हजार दोनशे बारा.” “सिलिंडरवाला आलाय, सुटे आहेत का?” “पाच हजार नव्वद.” मग तार तुटायची आणि पुन्हा एकपासून सुरू. शेवटी सासूबाईंनी त्याला उठवलं. जन्मभर बॉबिना भरलेला हात. तार दोन बोटांत फडक्याच्या तुकड्यातून अलगद धरून त्यांनी एका दुपारी कॉइल भरून दिली, मधे दोनदा वरण ढवळून.

मावशींच्या खुर्चीचा एक हात फ्रेटच्या, म्हणजे पडद्यांच्या, पट्टीसाठी कामी आला. हिशोब सोपा आहे: तारेची लांबी 648 मिलिमीटर धरली तर तिला 17.817 ने भागायचं, तिथे पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा भागायचं, तिथे दुसरा. बारावा बरोबर मध्यावर, 324 वर. मात्र सगळी मापं एका टोकापासूनच घ्यायची असतात. याने प्रत्येक फ्रेट आधीच्या फ्रेटपासून मोजला, तोही कंपासपेटीतल्या पट्टीने. चूक दर घराला थोडी थोडी साठत गेली. शिवाय ब्रिजला, म्हणजे तारांखालच्या घोडीला, अर्थिंगची वायर द्यायची राहिली, त्यामुळे तारांना हात लावला की अँप्लिफायर जोरात गुणगुणायचा. सासरे भजनाला पेटीची साथ करतात. त्यांनी पाचेक मिनिटं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “हा गंधारही घरीच केलास का रे?”

इस्त्री फिरवून डिंक सैल केला आणि ती पट्टी उखडली. नशिबाने आरामखुर्चीला दोन हात असतात.

राहिलं गिटारीचं धड. त्याचं लाकूड कुठून आलं, तिथे मात्र माझी थट्टा जरा अडखळते. सासऱ्यांचा सदाशिव पेठेतला वाडा पाडायला काढला, तेव्हा घरातला प्रत्येक जण कार्पेट एरिया, पार्किंग आणि मजला कितवा यावर हमरीतुमरीवर आला होता. सागवान जुन्या लाकडाचा व्यापारी ठोकात नेणार होता. त्या सकाळी हा वाडाभर टकटक करत फिरला. खांब, जिना, देवघराची चौकट. आम्ही हसलो. एरवी तीन ठोक्यांत निकाल देणारा माणूस माजघरातल्या तुळईखाली स्टुलावर चढून बराच वेळ उभा राहिला. झोपाळ्याच्या कड्या त्याच तुळईला होत्या. आमची ही आणि तो त्याच झोपाळ्यावर वाढले. खाली उतरून व्यापाऱ्याला म्हणाला, “ही राहू द्या.” सस्टेनचं नावही काढलं नाही.

त्या तुळईत मोडलेला खिळा होता. राउटरचं पातं त्यावर आपटलं, ठिणगी उडाली, पात्याचा तुकडा पडला. खिळा अजून आतच आहे. कडीचं भोक ब्रिजच्या शेजारी आलंय, करंगळी जाईल एवढं. काडी घालून बुजव म्हटलं, तर ऐकत नाही. गिटार पाच किलोच्या घरात भरते, पट्टा खांद्यात रुततो, आणि हा बसून फक्त मोकळ्या तारा छेडतो. माझी मुलगी मात्र ती चांगली वाजवते. त्या वेळी हा समोर बसून, खरं सांगायचं तर, बघण्यासारखा दिसतो.

नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला त्याने गिटार सर्वांपुढे ठेवली. चुलत सासरे चष्मा सावरत पुढे झाले. “लाकूड कुठलं रे?”

“वाड्याचं, काका. माजघरातली तुळई.”

“माजघर आमच्या हिश्शात होतं.”

पंगतीतले आवाज थांबले. काकांनी गिटार उचलली, दोन्ही हातांनी वजनाचा अंदाज घेतला आणि विचारलं, “सागवान सध्या काय घनफूट चाललंय?”

मेव्हण्याला भाव पाठ असतो. त्याने तो सांगितला आणि त्यांच्या हातातून गिटार काढून घेतली.